डावीकडचें पूज्य

मराठींत शून्याला ‘पूज्य’ असें एक जुनें नांव आहे. एकाद्याला संस्कृत मुळींच येत नसलें म्हणजे ‘त्याचें संस्कृत पूज्य आहे’ असें आपण म्हणतों. ज्याला कांहींच किंमत नाहीं त्याला पूजेचा मान देणारी आपली भाषा मोठी थट्टेखोर आहे खरी. लहानपणीं गुरुजींनीं आम्हांला या पूज्याचे दोन स्वभाव शिकविले होते. एकाच्या उजवीकडे तें बसलें कीं एकाचे दहा होतात. डावीकडे बसलें तर एकाचा एकच राहतो. तेव्हांपासून डावीकडचें पूज्य म्हणजे निरुपयोगीपणाची परिसीमा, अशी आमची समजूत होऊन बसली, आणि महाविद्यालयांत इतिहास शिकविण्यांत आयुष्याचीं बरींच वर्षें घालवूनही ती तशीच राहिली होती.

त्या समजुतीला धक्का बसला तो एका विद्यार्थिनीमुळें. राजापूर तालुक्यांतील एका वाडींतून रोज एस्. टी. नें रत्नागिरीस येणारी ही मुलगी. शिष्यवृत्ति न मिळती तर तिचें पुढील वर्ष निभणें कठीण होतें. तिच्या अर्जाचा क्रमांक आठ आंकडी असून त्याच्या आरंभीं तीन पूज्यें होतीं. अर्जांची यादी एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत संगणकाच्या तक्त्यावर चढून गेली, तेव्हां तक्त्यानें तो क्रमांक म्हणजे एक संख्या असें समजून तीं तीन्ही पूज्यें गिळून टाकलीं. उरलेला पांच आंकडी क्रमांक आठ आंकडी यादींत कोणाला सांपडणार? ‘असा अर्जच आमच्याकडे नाहीं,’ हें उत्तर तिला दोनदां मिळालें. ज्यांना किंमत नाहीं म्हणून आम्ही शिकलों होतों, त्या तीन पूज्यांच्या अभावीं एक माणूसच यादींतून नाहींसें झालें होतें. लिहिण्यांत रिकामी राहणारी जागा माणसानें आजवर कशानें भरली आणि कां भरली, हें शोधण्याची बुद्धि आम्हांला झाली ती या प्रसंगानें.

भर घालण्याचा सर्वांत जुना दाखला काव्यांत मिळतो. यास्काचार्यांनीं निरुक्तांत निपातांचा विचार करतांना कम्, ईम्, इत् आणि उ हे शब्द छंदोबद्ध रचनेंत अर्थावांचून, केवळ भरीला म्हणून येतात, असें नमूद केलें आहे. अमरकोशानें अव्ययवर्गांत तु, हि, च, स्म, ह, वै यांना हेंच काम नेमून दिलें आहे. अनुष्टुभाच्या चरणाला आठ अक्षरें हवींत. कवीचा आशय सातांतच संपला तर आठव्या जागीं ‘हि’ येऊन बसतो. रसिक त्याला पाहून नाक मुरडतात. पण तो काढून घ्या, कीं चरण लंगडलाच! तेव्हां ‘हि’ला अर्थ नसला तरी काम आहे, एवढें यास्कांच्या काळापासून मान्य झालेलें दिसतें. आपल्या मराठी व्याकरणांतही ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’ यांना व्यर्थ उद्गारांच्या पंगतींत बसविण्यांत आलें आहे आणि बोलण्यांतील भरीला पालुपद असें सुंदर नांव दिलें आहे. कोंकणांतील एकाद्या आजीच्या बोलण्यांतून ‘जळलं मेलं’ वगळून पाहावें, म्हणजे व्यर्थ शब्दाचें सामर्थ्य कळेल. ज्ञानेश्वरांची ओवी मात्र अक्षरांच्या ठराविक संख्येला बांधलेली नाहीं. तिला भरीची लांचारी पत्करावी लागत नाहीं. तिच्या निर्मळपणाचें हेंही एक कारण असावें, असें आम्हांला पुष्कळदां वाटलें आहे.

काव्यांतील रिकामी जागा ही शोभेची बाब झाली. दस्तऐवजांतील रिकामी जागा ही भयाची बाब होय. कोंकणांत जुन्या घरांच्या माळ्यावर अजून मोडी कागदांच्या पेट्या निघतात. त्यांतील एकादा कागद उजेडांत धरून पाहावा. लिहिणारानें प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढली आहे, आणि मग बोरूनें अक्षरें तिला टांगीत नेलीं आहेत. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. नव्या वाचकाला हा मोडीचा दोष वाटतो. आमचे विद्यार्थी तर पहिल्याच पाठाला हात टेंकतात. परंतु या दाटीचा एक गुण आहे. जेथें दोन शब्दांमध्यें फटच ठेवलेली नाहीं तेथें मागाहून तिसरा शब्द कोठें घुसविणार? कागद संपतो तेथेंही हीच सावधगिरी आढळते. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटीं, येथें मर्यादा शोभत आहे अशा अर्थाची छोटी मुद्रा उमटविलेली असते. पुढें पेशवाईंत त्याच जागीं ‘लेखनसीमा’ हा शिक्का दिसतो. मजकूर येथें संपला, याच्या खालीं जें दिसेल तें आमचें नव्हे, असा त्याचा बोध. कोऱ्या जागेला कुलूप घालण्याची ही युक्ति आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

रकमेच्या बाबतींत तर हें भय पदोपदीं जाणवतें. आंकड्याच्या उजवीकडे जागा मोकळी राहिली कीं तेथें पूज्य घालणारा हात पुढें येतोच. म्हणून रक्कम आंकड्यांत लिहून पुन्हां अक्षरीं लिहावयाची आणि शेवटीं ‘मात्र’ किंवा ‘फक्त’ हा शब्द ठोकावयाचा. हा ‘मात्र’ म्हणजे अर्थाच्या दृष्टीनें शुद्ध भर. पण सावकाराच्या वहींत त्याच्याइतका इमानी पहारेकरी दुसरा नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत याहीपुढें जाऊन ‘रुपये शंभर, ज्याचे निम्मे पन्नास होतात’ असें लिहिण्याचा प्रघात पडला. एका आंकड्यावर दुसऱ्याची चौकी. ज्या जिल्ह्यांत खोत आणि कुळ यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या कागदावर चालला, आणि कुळाला बहुधा तो कागद वाचतां येत नसे, तेथें कोऱ्या कागदावरील अंगठा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. कोऱ्या जागेचें भय कांहीं गेलें नाहीं. आजही धनादेशावर रक्कम लिहून झाल्यावर आपला हात आपोआप पुढें एक आडवी रेघ ओढतो.

छापखाना आला आणि रिकामी जागा ही वजनदार वस्तु झाली. ओळ दोन्ही कडांना सारखी भिडावी म्हणून खिळे जुळविणारा शब्दांमध्यें शिशाचे बुटके तुकडे घाली. ते अक्षरांपेक्षां ठेंगणे असल्यामुळें त्यांना शाई लागत नसे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यांतून निघालेल्या संस्कृत ग्रंथांच्या ज्या रेखीव पानांचें आपण कौतुक करतों, त्यांत अशा न दिसणाऱ्या शिशाचा वांटा बराच आहे.

आतां ज्यासाठीं हा प्रपंच मांडला त्या डावीकडच्या पूज्याकडे वळूं. शब्दकोशांत शब्द लावतांना आपण पहिल्या अक्षराशीं पहिलें, दुसऱ्याशीं दुसरें असें ताडून पाहतों. शब्द लांब कीं आंखूड हें पाहत नाहीं. आंकडेही याच रीतीनें लावावयाचे ठरविले तर १ च्या मागून १०, मग १००, आणि त्या सर्वांनंतर २ येतो. शंभरावा विद्यार्थी दुसऱ्याच्या पुढें जाऊन बसतो! यावर उपाय एकच. सर्व आंकडे सारख्या लांबीचे करावयाचे: ००१, ००२, ०१०, १००. संख्येच्या दृष्टीनें डावीकडचीं पूज्यें निरर्थक. क्रमाच्या दृष्टीनें तींच सर्वस्व. अमेरिकेच्या १८९० सालच्या शिरगणतींत हर्मन हॉलेरिथ यांनीं माहिती छिद्रांच्या रूपानें कार्डांवर नोंदविली, आणि पुढें १९२८ पासून ऐंशी रकान्यांचें कार्ड रूढ झालें. अशा कार्डांत एकेका माहितीला ठराविक रकाने वांटून दिलेले असत. ज्याचा आंकडा लहान त्याचे उरलेले रकाने पूज्यांनीं भरण्याची वहिवाट पडली, ती संगणकानें जशीच्या तशी उचलली.

आम्हां रत्नागिरीकरांना याचा एक घरगुती दाखला आहे. कोंकण रेल्वेवरून जाणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसचा क्रमांक पूर्वीं ०१०३ होता आणि कोंकणकन्येचा ०१११. २० डिसेंबर २०१० पासून देशांतील गाड्यांचे चार आंकडी क्रमांक पांच आंकडी झाले. या गाड्यांच्या आरंभीं एक लागून मांडवीचा क्रमांक १०१०३ आणि कोंकणकन्येचा १०१११ झाला. जें पूज्य सर्वांच्या डावीकडे निरुपद्रवीपणें उभें होतें, त्याच्या पलीकडे एक येऊन बसतांच गणिताच्या हिशेबानें एकशें तीनाचे दहा हजार एकशें तीन झाले. पूज्य होतें तेथेंच होतें, शेजार बदलला. नव्या पद्धतींत पहिल्या जागचें पूज्य खास गाड्यांकडे गेलें. गणपतीला मुंबईहून कोंकणांत येणाऱ्या ज्यादा गाड्यांचे क्रमांक पूज्यानें सुरू होतात तें याचमुळें. करोनाच्या दिवसांत २०२० सालीं नेहमींच्या गाड्याही खास म्हणून धांवूं लागल्या, तेव्हां त्यांच्याही माथीं हें पूज्य आलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें तें उतरविण्याचा हुकूम निघाला. त्या दीड वर्षांत फलाटावर उभें राहून ‘डावीकडच्या पूज्याला किंमत नाहीं’ असें कोणी म्हटलें असतें, तर खास गाडीचें जादा भाडें मोजलेल्या प्रवाशानें त्याचा चांगलाच समाचार घेतला असता.

टपालखात्याचा पिनकोड मात्र या बाबतींत भाग्यवान. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवि. सहा आंकड्यांच्या या क्रमांकांत पहिला आंकडा एक ते नऊ यांपैकींच असतो. पूज्य तेथें कधीं येतच नाहीं. त्यामुळें रत्नागिरीचा ४१५६१२ कोणत्याही तक्त्यावर घाला, त्याचा एकही आंकडा गळत नाहीं. ज्यानें आयुष्यभर चरणांतील अक्षरें मोजलीं त्या कवीच्या हातून भरीची गरज नसलेला षडक्षरी चरण निर्माण व्हावा, हा योगायोग असेल. आम्हांला तो मोठा गोड वाटतो. उलट आमच्या गांवाचा दूरध्वनि-संकेत ०२३५२. तक्त्यावर हा लिहिला कीं पहिलें पूज्य गेलेंच म्हणून समजावें.

डावीकडे भर घालण्याचें हें क्षुल्लक काम एके दिवशीं साऱ्या जगाच्या नजरेस आलें. संगणकासाठीं जावास्क्रिप्ट नांवाच्या भाषेंत लिहिणारे लोक आपापल्या तयार आज्ञावली एनपीएम नांवाच्या सार्वजनिक भांडारांत ठेवतात, आणि ज्याला जी लागेल ती तो तेथून घेतो. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’, म्हणजे ‘डावी भर’, नांवाची अकरा ओळींची एक आज्ञावली होती. तिला अक्षरांची माळ द्यावी, किती लांब हवी तें सांगावें आणि कशानें भरावें तें सांगावें. बाकीचें ती करी. ती अझेर कोचुलू या गृहस्थांची. त्यांच्या ‘किक’ नांवाच्या दुसऱ्या एका आज्ञावलीच्या नांवावर त्याच नांवाच्या एका कंपनीनें हक्क सांगितला आणि भांडाराच्या चालकांनीं तें नांव कंपनीला देऊं केलें. कोचुलू यांनीं संतापून २२ मार्च २०१६ रोजीं आपल्या अडीचशेंहून अधिक आज्ञावली भांडारांतून काढून घेतल्या. त्यांत ही अकरा ओळींची भरही गेली, आणि जगभर संगणकावरचीं बांधकामें एकामागून एक कोसळूं लागलीं.

कोंकणांतील वाचकांना साकवाची उपमा पुरेशी होईल. पऱ्ह्यावर कोणीतरी पोफळीचीं दोन खोडें टाकून ठेवतो. वाडीभर माणसें त्यावरून जातात येतात. साकव कोणाचा हें कोणी विचारीत नाहीं. तो वाहून गेला म्हणजे मग त्याच्या धन्याची चौकशी सुरू होते. येथेंही तसेंच झालें. ज्यांचीं कामें अडलीं त्यांतील बहुतेकांनीं ‘डावी भर’ हें नांव त्या दिवशीं प्रथमच ऐकलें. त्यांनीं ती कधीं मागितलीच नव्हती. त्यांनीं घेतली होती दुसरीच मोठी आज्ञावली; ती तिसरीवर विसंबलेली, आणि तिसरी, चुकलेल्या ओळींचे क्रमांक एकाखालीं एक नीट दिसावेत एवढ्यासाठीं, या भरीवर विसंबलेली. म्हणजे ९ आणि १० हे आंकडे उजव्या कडेला एका रेषेंत यावेत यासाठीं नवाच्या डावीकडे ठेवलेली एक रिकामी जागा! दुसऱ्या एका गृहस्थानें दहा मिनिटांच्या आंत हुबेहूब तशीच आज्ञावली लिहून त्याच नांवानें भांडारांत ठेवली. पण मागणारे ०.०.३ ही जुनी आवृत्तिच मागत होते आणि तिच्यावर १.०.० असा क्रमांक होता, त्यामुळें अडलेलें सुटेना. अखेर सुमारें अडीच तासांनीं चालकांनीं आपला नेहमींचा शिरस्ता मोडून मूळ आज्ञावली तिच्या कर्त्याच्या इच्छेविरुद्ध परत ठेवली, आणि पुढें कोणालाही आपली वस्तु अशी एकाएकीं काढतां येऊं नये असा नियमही केला.

या तंट्यांत आमचें मन कोचुलू यांच्याकडे झुकतें. फुकट साकव घालणाराला त्यावर आपलें नांवही ठेवूं द्यावयाचें नाहीं, हा न्याय आम्हांला पटत नाहीं. पण वाडीचा एकुलता साकव रागाच्या भरांत उचलून नेणें हेंही आम्हांकडून झालें नसतें. चालकांना तर आम्ही दोन्ही वेळां दोषी धरूं: प्रथम त्यांनीं दुबळ्याचें नांव बलिष्ठाला दिलें आणि मागून त्याच दुबळ्याची वस्तु त्याला न विचारतां परत मांडली. पुढल्याच वर्षीं, २०१७ सालीं, खुद्द जावास्क्रिप्ट भाषेनेंच डावीउजवीकडे भर घालण्याची सोय आपल्या पोटांत घेतली. ग्रामपंचायतीनें साकवाच्या जागीं पूल बांधावा, तसें झालें.

पण या पुलावरून आपली मराठी धड चालत नाहीं. यंत्र लांबी मोजतें ती अक्षरांची नव्हे, मात्रांचीही नव्हे. अक्षराचा प्रत्येक अवयव तें सुटा मोजतें. ‘रत्नागिरी’ हा शब्द आपल्या कानाला चार अक्षरांचा. यंत्राला तो नऊ खुणांचा दिसतो, कारण काना, वेलांटी आणि त चा पाय मोडणारी खूण हीं सर्व निराळीं धरलीं जातात. ‘खेड’ दोन अक्षरांचें, खुणा तीन. ‘लांजा’ही दोनच अक्षरांचा, पण खुणा पांच. आमच्या जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांचीं नांवें यंत्राला देऊन प्रत्येक नांव नऊ जागांचें कर असें सांगितलें, तर तें खेडाला सहा जागांची भर घालील, लांज्याला चारांची, आणि रत्नागिरी व संगमेश्वर यांना मुळींच नाहीं. कागदावर उमटणारी यादी समुद्राच्या लाटेसारखी आंतबाहेर होईल. हें झालें दिसण्यापुरतें. एकाद्या अर्जांत नांवाला सातच जागा असल्या तर ‘संगमेश्वर’चें ‘संगमेश्’ होऊन पाय मोडलेला श कडेला लटकत राहील. गांवाचें चालून जाईल; माणसाच्या नांवाचें असें झालें तर तें नांव दुसऱ्या कागदाशीं जुळणार नाहीं, आणि पुन्हां तेंच उत्तर ऐकावें लागेल: असा अर्जच नाहीं.

अक्षर कशाला म्हणावें, हा प्रश्न आपल्या छंदःशास्त्रानें केव्हांच सोडविला होता. सर्व लिपींना एका कोष्टकांत बसविणारें युनिकोड १९९१ सालीं आलें, आणि त्यांत देवनागरी पहिल्यापासून होती. परंतु माळ तोडावयाची झाल्यास ‘त्ना’ हें जोडाक्षर एक धरावें, तें मध्येंच फोडूं नये, हा नियम त्याच्या अक्षरविभागणींत येण्यास २०२३ सालची १५.१ वी आवृत्ति उजाडावी लागली. तोही ज्या आज्ञावली जाणूनबुजून पाळतील त्यांच्यापुरताच. साधी भर अजून सुट्या खुणाच मोजते. आमच्या काळच्या एकाद्या पंतोजीला बोलाविलें असतें तर त्यानें लघुगुरूच्या पहिल्याच तासाला छडीच्या साहाय्यानें हें काम उरकलें असतें.

विद्यार्थिनीची हकीकत सांगावयाची राहिली. तिसऱ्या खेपेस आम्ही तिच्याबरोबर त्या कचेरींत गेलों. मेजावरचा कारकून तरुण होता, आणि आमच्या अपेक्षेहून पुष्कळच समजूतदार निघाला. त्यानें तिची पोंच पाहिली, डावीकडचीं तीन पूज्यें बोट ठेवून मोजलीं, तक्ता उघडला आणि तिच्या रकान्यांत पूज्यांच्याही आधीं वरच्या बाजूस एक बारीक टिंबासारखें अवतरणचिन्ह घातलें. तें कशाला, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, ‘सर, हें घातलं की मग तो आंकडा राहत नाहीं, शब्द होतो, शून्यं जात नाहींत.’ त्यानें कळ दाबली. पडद्यावर आठही आंकडे उभे राहिले. अवतरणचिन्ह मात्र कोठेंच दिसेना.